दुष्काळी पुअर हाऊसमध्ये कोण कुठे राहायचं, हे कागदांवरून कसं ओळखायचं?

नकाशेवाली

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचा चार जणांचा गट एक छोटं प्रदर्शन उभं करतोय. विषय आहे सरकारने गरिबांसाठी उभारलेली घरं आणि त्यांच्या आत माणसांची केलेली वेगवेगळी सोय. एका बाजूला अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेड्याकडचं काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) पुअर फार्म आहे, जिथे गोरे एका इमारतीत आणि काळे दुसरीकडे. दुसऱ्या बाजूला आपल्या जिल्ह्यातल्या १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळातली पुअर हाऊस.

नकाशांवर "शेड नं. २", "क्वार्टर्स", "कुक शेड" एवढंच असतं. कोण कुठे राहत होतं ते लिहिलेलं नसतं. म्हणून विचारते:

आपल्याकडे जातवार वेगळं ठेवायचा लेखी नियम होता, की तो रिवाजच होता? अमेरिकन नकाशात वेगळेपण कसं ओळखायचं? सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवलेली कुंपणातली वस्ती, याच प्रदर्शनात घ्यावी का? आणि १:१०० चं मॉडेल करताना माणशी जागा कशी काढायची?

दप्तर

आधी शब्द वेगळे करून घ्या. "पुअर हाऊस", "रिलीफ कॅम्प" आणि "किचन" ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि मराठी लिखाणात तिन्हींना सरसकट "अन्नछत्र" म्हटलेलं सापडतं. तिथूनच घोळ सुरू होतो.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये हंगामी फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याची नियमावली, आला आणि त्यावरून प्रांतांनी आपापले कोड केले. त्यांची घडी साधारण अशी. धडधाकट माणूस दुष्काळी कामावर, म्हणजे खडी, रस्ता, तलाव. गावातच पडून असलेले म्हातारे, आंधळे, लेकुरवाळ्या यांना पाटील-कुलकर्ण्यांच्या यादीवरून गावातच फुकट मदत. या दोन्हींत न बसणारी माणसं पुअर हाऊसमध्ये: गाव सोडून भटकणारे, रस्त्यावर भीक मागताना सापडलेले, कामावर जाण्याइतकी ताकद नसलेले, कुणीच नसलेले. म्हणून पुअर हाऊस खेड्यात शोधू नका. ते तालुक्याच्या किंवा पेठेच्या गावाच्या कडेला असायचं, कारण भटकणारी माणसं तिथेच येऊन साठायची.

हे घर लोकांना नको असायचं आणि १८९८ च्या आयोगानेही त्याची नोंद घेतली आहे. कुंपण, शिजवलेलं अन्न, बाहेर जायला बंदी आणि गावात परतल्यावर जातीतलं बोलणं. त्यामुळे आतली संख्या आणि उपाशी माणसांची संख्या यांचा एकमेकींशी मेळ लागत नाही. जो ताकदीवर आला त्याला कामावर धाडायचे, म्हणजे माणसंही सतत बदलत. एका दिवसाची हजेरी म्हणजे त्या घराची वस्ती असं धरू नका. निदान एका महिन्याच्या आठवडेवार नोंदी घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कागदावरची ठळक वर्गवारी तीन गोष्टींची, बाई की पुरुष, आजारी की बरा, काम जमेल की नाही. जात आत येते ती बहुतेक वेळा स्वयंपाक, पाणी आणि सफाई या खर्चाच्या ओळींतून. ती "राहण्याची सोय" या मथळ्याखाली शोधाल तर हात रिकामे राहतील.

आता कागद. इंग्रजी दप्तरात सोलापूरचं स्पेलिंग "शोलापूर" असं आहे, शोधताना तेच वापरा. एकाच पुअर हाऊसची माहिती तीन खात्यांत विखुरलेली असते: धान्य आणि माणसं महसूल खात्यात, शेड बांधकाम खात्यात, आजार आणि मृत्यू आरोग्याच्या अहवालांत. तिन्हींचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. महसूलवाला रात्री जेवलेले मोजतो, डॉक्टर दाखल झालेले मोजतो. कोणता आकडा कुठून घेतला ते फलकावर लिहा. मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल खात्याचे दुष्काळाचे खंड आहेत, सुरुवात तिथून करा. १८८४ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूरचा आहे. त्यात १८७६ चा दुष्काळ आहे, पुढचे दोन अर्थातच नाहीत.

हद्दींकडे लक्ष द्या. अक्कलकोट संस्थान होतं आणि मंगळवेढा सांगली संस्थानात होता, त्यांची कागदपत्रं वेगळीकडे. माळशिरस १८७५ मध्ये साताऱ्याकडून सोलापुरात आला. जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ ला सुमारे ७ लाख १९ हजार आणि १८८१ ला सुमारे ५ लाख ८२ हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवून "इतके मेले" असं लिहू नका. त्यात मेलेले आहेत, निजामाच्या मुलखात आणि इतरत्र गेलेले आहेत, आणि जन्मलीच नाहीत अशी मुलंही आहेत.

एकरूख तलाव दुष्काळाआधीचा आहे, तो १८७६ च्या कामांत घालू नका. आष्टीचा तलाव मात्र त्या दुष्काळी कामातला आहे.

एक शेवटचं. गावात म्हाताऱ्या माणसांना विचारायला जाल तेव्हा सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि खडी फोडणं हे ऐकायला मिळेल. ते सगळं १९७२ चं आहे. त्या दुष्काळात माणसं कामावर होती, पुअर हाऊसमध्ये नव्हती. ती आठवण मोलाची आहे, पण १८७६ च्या फलकाखाली लावली तर दोन्ही दुष्काळांवर अन्याय होईल.

जोतं

अमेरिकेच्या बाजूबद्दल लिहितो.

पुअर फार्म म्हणजे काउंटीच्या मालकीची शेती. त्यावर देखरेख करणाऱ्याचं घर, रहिवाशांच्या इमारती, गोठा, धान्याची कोठी, बहुधा एक कोपरा पुरण्यासाठी. कल्पना अशी की रहिवाशांनी शेतीत राबून खर्चाचा भार हलका करावा. प्रत्यक्षात रहिवासी म्हातारे आणि आजारी असायचे, त्यामुळे शेती मजुरीने किंवा देखरेख करणाऱ्याच्या घरच्यांकडूनच व्हायची. न्यूयॉर्क राज्यात १८२४ च्या कायद्याने काउंटीवार पुअर हाऊस आली. त्याआधी गरिबाला सांभाळायचं काम कमीत कमी पैसे मागणाऱ्याला लिलावात देण्याची पद्धतही तिकडे होती. दक्षिणेत १८६५ नंतर प्रश्न वेगळा झाला: गुलामीतून सुटलेले म्हातारे, आजारी लोक कुणाची जबाबदारी? अनेक काउंट्यांनी हात वर केले. पुढे आत घेतलं ते वेगळ्या इमारतीत. "वेगळं पण समान" हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केलं, पण वेगळी इमारत त्याच्या आधीपासूनच होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की निकाल आला आणि मग भिंती उभ्या राहिल्या.

नकाशा वाचताना मी हा क्रम ठेवतो.

पहिल्यांदा देखरेख करणाऱ्याचं घर शोधायचं. सगळी अंतरं तिथून मोजायची. ज्या इमारतीकडे त्या घराच्या ओसरीतून नजर जाते आणि जी धान्याच्या कोठीमागे पडते, यांत फरक असतो. मग बांधकामाचं साहित्य. एक इमारत विटांची आणि दुसरी लाकडी फळ्यांची असेल तर तिथे थांबा. त्यानंतर चुली आणि धुराडी मोजा. तीन खोल्यांना एक धुराडं आणि शेजारच्या इमारतीत खोलीगणिक एक, हा फरक हिवाळ्यात जीव घेणारा होता. शेवटी विहीर आणि शौचकूप यांची जागा, आणि उताराची दिशा. उताराच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर आहे ते बघा.

पण हे सगळं नुसते संशय आहेत. नकाशा पुरावा देत नाही, कुठे शोधायचं ते सांगतो. पुरावा मिळतो जनगणनेच्या तक्त्यात. त्यात प्रत्येक माणसापुढे रंगाचा रकाना आहे आणि नात्याच्या रकान्यात "इनमेट" किंवा "पॉपर" लिहिलेलं असतं. १८८० च्या जनगणनेत आंधळे, मुके, वेडे, कैदी, अनाथ आणि गरीब यांच्यासाठी वेगळे जादा तक्ते भरले होते, त्यातला गरिबांचा तक्ता तुमच्या कामाचा. १८९० चे तक्ते आगीनंतर जवळजवळ सगळे गेले, तिथे वीस वर्षांची पोकळी राहणार. ती पोकळी पुढच्या-मागच्या आकड्यांवरून भरू नका. १९०४, १९१० आणि १९२३ मध्ये तिथल्या जनगणना खात्याने गरीबगृहांतल्या लोकांचे खास अहवाल काढले, पण त्यांत एकेका काउंटीची इमारत दिसत नाही.

तक्ता रंग सांगतो, खोली सांगत नाही. ती काउंटी बोर्डाच्या इतिवृत्तांत सापडते आणि तीही आडवळणाने. "काळ्यांच्या इमारतीचं छत दुरुस्त करण्यास इतके डॉलर" अशी एक ओळ पुरते. दहा वर्षांच्या दुरुस्त्या दोन रकान्यांत मांडा, कोणत्या इमारतीवर किती. सगळ्यात स्पष्ट तिथेच दिसतं.

आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे बरेच जण आधी उघडतात. ते शहरा-गावांच्या दाट वस्तीपुरते असतात, पुअर फार्म बहुधा त्यांच्या काठाबाहेर राहतं. तिथे नाही म्हणजे नव्हतंच असं नाही.

शेवट कसा झाला हेही घ्या. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात सरकारी संस्थेत राहणाऱ्याला म्हातारपणाची मदत मिळणार नाही अशी अट होती. म्हणून लोक बाहेर पडले आणि घरं ओस पडू लागली. त्याच कायद्याच्या विमा भागातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. दक्षिणेत ही कामं मोठ्या प्रमाणात काळे लोकच करत. म्हणजे गोरी इमारत आधी आणि काळी नंतर रिकामी झाली का, हा प्रश्न तुमच्या काउंटीच्या आकड्यांना विचारून बघण्यासारखा आहे.

चुलीजवळ

दप्तर यांनी स्वयंपाकाचं नाव काढलं, तिथेच थोडं थांबायला हवं. आपल्याकडचं वेगळेपण भिंतीत कमी आणि चुलीत-पाण्यात जास्त आहे.

कोरडा शिधा दिला की जात वाचते, प्रत्येकजण आपली चूल मांडतो. पण कोरडा शिधा विकता येतो आणि लपवता येतो, म्हणून सरकारी मन शिजवलेल्या अन्नाकडे ओढ घ्यायचं. ज्याला खरीच भूक आहे तोच पंगतीत बसून खाईल, असा तो हिशेब. म्हणजे शिजवलेलं अन्न ही परीक्षाही होती. तिचा भार सगळ्यांवर सारखा नव्हता. परक्याच्या हातचं खाल्लं म्हणून गावात परतल्यावर वाळीत पडण्याची भीती एकाला, आणि पंगतीच्या शेवटी, वेगळ्या जागी, वरून वाढून घेण्याचा अपमान दुसऱ्याला. ओडिशात १८६६ च्या दुष्काळात छत्रात जेवलेल्यांना परत जातीत घेतलं नाही आणि त्यांची "छत्रखाई" नावाची वेगळी जातच झाली. एका पंगतीची किंमत किती होती ते यावरून कळतं.

म्हणून हिशेबात हे शोधा: स्वयंपाकी किती, कोणत्या जातीचे, त्यांना किती आणे. पाणके किती. मोठी पातेली किती आणि ताटं, पत्रावळी, मातीची भांडी किती. पत्रावळी आणि मातीची भांडी रोज लागत असतील तर भांडी पुन्हा वापरण्याचा पेच टाळलेला आहे असा अंदाज बांधता येतो. सफाईवाल्यांचा खर्च बघा, त्यांची राहण्याची सोय आवारात होती की बाहेर ते बघा. हिशेबात १ रुपयाचे १६ आणे आणि १ आण्याच्या १२ पै, हे बेरजा तपासताना डोक्यात असू द्या. शेर आणि पायली गावोगाव वेगळी होती, त्यामुळे धान्य पौंडात दिलेलं असेल तरच थेट बदला: १ पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम.

हाच तो १ पौंड. १८७७ च्या सुरुवातीला भारत सरकारने दुष्काळासाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी उतरवून दिवसाला १ पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी केली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लिहून लिहून सरकारला सतावलं. ४५० ग्रॅम ज्वारीतून १५०० ते १६०० कॅलरी मिळतात. त्यावर माणूस बसून कसाबसा राहील, दिवसभर खडी फोडणार नाही. प्रदर्शनात आकडा लिहिण्यापेक्षा ४५० ग्रॅम ज्वारीचं पीठ परातीत ठेवा. साधारण पाच-सहा मध्यम भाकऱ्या होतात. शेजारी रिकामं ताट. वरण नाही, तेल नाही, मिरची नाही.

पाण्याबद्दल. एकच विहीर असेल तर दोर आणि पोहरा कुणाच्या हातात होता हा खरा प्रश्न. काहींना स्वतः शेंदता येत नसे, पाणक्याने वरून ओतायचं आणि खाली भांडं धरायचं. नकाशात ते दिसणार नाही, पाणक्याच्या पगारात दिसेल. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तुमच्या तिन्ही दुष्काळांत सरकारी विहिरीवरही असा लेखी आधार कुणाकडे नव्हता.

आणि पंढरपूर तुमच्या हाताशी आहे, ते सोडू नका. गरीब वारकऱ्याच्या निवाऱ्यातलं वेगळेपण बघायचं असेल तर दूर जायला नको. गाडगे महाराजांनी तिथे अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण इतर ठिकाणी त्यांना पडवीही मिळत नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. सोलापूर शहरातच ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढलं. या दोन वास्तू आणि पुअर हाऊस यांत एक फरक फलकावर यायला हवा. इथे वेगळं घर ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी, त्यांच्या बाजूने उभं राहिलं. पुअर हाऊसमध्ये वेगळी चूल वरून ठरली. दोन्हींना "स्वतंत्र सोय" हा एकच शब्द वापरू नका.

नकाशेवाली

फार उपयोग झाला, मनापासून आभार. एक शंका. आमच्याकडच्या एका आराखड्यात एक विहीर आणि दोन "कुक शेड" आहेत. दोन चुली म्हणजे दोन जातींच्या पंगती, असं लिहू का?

चुलीजवळ

नका लिहू. दुसरी कुक शेड दवाखान्याच्या पेजेसाठी असू शकते. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम घट्ट भाकरी दिली तर तो दगावतो, म्हणून आजाऱ्यांचं पातळ अन्न वेगळं शिजायचं. आधी दुसरी चूल दवाखान्याच्या शेडपासून किती लांब ते मोजा. मग धान्याच्या खर्चात तांदूळ, दूध, साबुदाणा आहे का बघा. तो असेल आणि दुसरी चूल दवाखान्याला लागून असेल तर ती आजाऱ्यांचीच. दोन्ही चुलींवर ज्वारीच शिजत असेल आणि स्वयंपाकी वेगळ्या नावांचे असतील, तेव्हा जातीची शक्यता मांडा. तीही "शक्यता" या शब्दासकट.

दप्तर

त्यात भर. वर्गवारीची ही सवय कुठून आली तेही एका फलकावर घ्या. इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्यानंतर वर्कहाऊसमध्ये गरिबांचे सात वर्ग केले: अशक्त पुरुष, धडधाकट पुरुष, मुलगे, अशक्त बायका, धडधाकट बायका, मुली आणि ७ वर्षांखालची पोरं. प्रत्येकाचं अंगण वेगळं, नवराबायकोही वेगळे. तिथे वर्ग वय, लिंग आणि ताकद यांवर होते. इथले कोड लिहिणारे त्याच मुशीतले. तीच चौकट इथे आली आणि तिच्यात जात आपोआप भरली. भटक्या गोऱ्यांसाठी मात्र १८७४ च्या युरोपियन व्हॅग्रन्सी कायद्याखाली वर्कहाऊसची वेगळी तरतूद होती. उपाशी गोरा आणि उपाशी शेतकरी एका छपराखाली येण्याचा प्रश्नच ठेवला नव्हता.

मुलांची नोंद शोधताना यादीतून मूल गायब झालं तर लगेच मृत्यू धरू नका. अनाथ मुलं आश्रमांकडे आणि मिशनकडे जात. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं बालकगृह होतं, आज ते नवरंगे बालकाश्रम. पंडिता रमाबाईंनी पुढच्या दोन दुष्काळांत मुली केडगावला नेल्या, ते ठिकाण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे.

पूर्वभाग

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली विणकरांची. सोलापूरच्या पुअर हाऊसच्या यादीत विणकर कमी दिसले तर ते सुखी होते असा अर्थ काढू नका. हातमागवाल्याला खडी फोडायला बसवलं की हाताला घट्टे पडतात आणि मग बारीक सूत हातात धरवत नाही, तुटलेला धागा सांधता येत नाही. दुष्काळ सरला तरी धंदा गेलेला असतो. म्हणून सोलापुरात विणकरांना घरच्या मागावरच काम द्यायचं, सूत द्यायचं आणि कापड विकत घ्यायचं, अशी वेगळी मदत दिली गेली. भूक तीच, पण घराबाहेर काढलं नाही. तुमच्या विषयात हे बसतं, कारण कुणाला घरी मदत आणि कुणाला कुंपणात, ही निवडसुद्धा वेगळी सोयच आहे.

दुसरी सेटलमेंट. ती पुअर हाऊस नव्हे, एका टेबलावर ठेवू नका. पुअर हाऊसमध्ये माणूस भुकेमुळे आला. सेटलमेंटमध्ये तो जन्मामुळे आला. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स कायद्याने, आणि १९११ व १९२४ च्या सुधारणांनी, अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, बाहेर जायला पास लावला आणि गिरण्यांत कामाला धाडलं. आतल्या कुंपणातून "सुधारलेल्या" कुटुंबाला बाहेरच्या फ्री कॉलनीत जागा मिळायची. सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही पत्त्यात आहे. मुंबई इलाख्यात कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला.

घ्यायचीच असेल तर तिसऱ्या दालनात घ्या आणि तार दाखवा. पुअर हाऊसचं कुंपण दुष्काळ सरला की निघायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. तिथे लोक राहतात. त्यांची नावं, घरांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय लावू नका. कायद्याचं नाव लिहावं लागेल तिथेच "गुन्हेगार" हा शब्द येऊ द्या, बाकी सगळीकडे विमुक्त. आणि उद्घाटनाला त्या वस्तीतल्या लोकांना बोलवा, प्रेक्षक म्हणून नको, मजकूर छापायच्या आधी वाचून घ्यायला.

जोतं

मॉडेलचा प्रश्न राहिला.

माणशी जागा काढायला शेडची आतली मापं घ्या, बाहेरची नको. समजा शेड ६० फूट बाय १६ फूट. क्षेत्र ९६० चौरस फूट. त्या आठवड्याची सरासरी हजेरी ८० असेल तर माणशी १२ चौरस फूट, म्हणजे ६ फूट लांब आणि २ फूट रुंद. एक घोंगडी अंथरली की संपलं. पण मधे चालायला ३ फुटांची वाट सोडली तर ६० गुणिले ३, १८० चौरस फूट वजा. उरले ७८०, माणशी पावणेदहा. कूस बदलली तर शेजाऱ्याला हात लागेल. हीच आकडेमोड प्रत्येक शेडला वेगळी करा. बायकांचं शेड आणि पुरुषांचं शेड एकाच मापाचं असेल पण बायका दुप्पट असतील तर आराखडा सारखा दिसेल आणि राहणं सारखं नसेल. मुलांना अर्धं माणूस धरलं का, तेही हजेरीच्या तळटिपेत बघा, नाहीतर सगळा भागाकार चुकेल.

साहित्य: ही तात्पुरती शेडं. बांबू, तट्टे, चटया, गवत. आपल्या भागात छपराला कडबा सुचतो, पण दुष्काळात कडबा जनावरांनाही पुरत नाही, तो शाकारणीला वापरला असं हिशेबात दिसल्याशिवाय धरू नका. दगडी भिंत आणि माळवद दाखवायचं असेल तर ती आधीची धर्मशाळा किंवा सरकारी इमारत ताब्यात घेतली होती, याचा कागद हवा. जमिनीवर आज अवशेष सापडत नाहीत त्याचं कारणही हेच. बांबू-तट्टे नंतर विकले जात, म्हणून खर्चाबरोबर जमेची बाजूही वाचा. सामान विकल्याची नोंद सापडली तर कोणतं शेड कधी मोडलं ते कळतं.

शेवटचं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. टेबल लहान म्हणून अंतरं आवळू नका. १:१०० मध्ये ३०० फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर. सहा फुटी टेबलावर मधे देखरेख करणाऱ्याचं घर ठेवलं तर ९१ सेंटिमीटरवरचं शेड बरोबर काठावर येतं, त्याहून लांबचं टेबलाबाहेर जातं. सगळे तिथेच चुकतात आणि ते शेड आत ओढतात. ते ओढू नका. वेगळ्या स्टुलावर, त्याच उंचीला ठेवा आणि विहिरीपासून तिथपर्यंत मोजून दोरी ताणा. दोरीवर दर ३० सेंटिमीटरला गाठ मारा, म्हणजे एका गाठीला साधारण १०० फूट, आणि पाण्याचा हंडा दोरीच्या विहिरीकडच्या टोकाला ठेवा.